मदत हवी आहे: माकडतापाच्या अभ्यासासाठी गोचिडी मिळतच नाहीयेत

रानजाई:
नमस्कार. एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी) आणि काजूच्या बागा. गोचिडी गोळा करायला जमिनीवरून कापड ओढतेय, म्हणजे त्या कापडाला चिकटून येतील, पण हाती काहीच लागत नाही. पद्धत बरोबर आहे, शोधनिबंधांत दिलीय तीच. जागाही बरोबर आहे, त्या पंचक्रोशीत पेशंट निघालेले आहेत. डिसेंबरअखेर आकडे दाखवायचे आहेत. सिंधुदुर्गात हे काम कुणी केलंय का? नेमकं कुठे कापड ओढायचं तेवढं सांगा. विषय बदलायला सांगू नका. माझ्या आजोळच्या वाडीतली माणसं या तापाने गेली आहेत, मला हाच विषय करायचा आहे.

अष्टपाद:
कोणत्या महिन्यात गेलात? कापड कसलं? किती वाजता? आणि गोचिडी मिळाल्या तर पुढे काय, नुसती मोजणी की विषाणूची तपासणी? पद्धत बरोबर आहे म्हणता, पण यातलं एकही लिहिलेलं नाही.

निवृत्त_आरोग्यसेवक:
सिंधुदुर्गात भातकापणीच्या सुमारास ताप आला की आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) बघायचा. उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो आणि पायाच्या चिरांतून अंगात शिरतो. आम्ही वाडीवाडीत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या आहेत. हल्ली सगळे माकडतापाच्या मागे लागतात आणि लेप्टोचा माणूस उशिरा दवाखान्यात पोचतो. अभ्यास करायचाच असेल तर लेप्टोचा करा, त्याला औषध तरी आहे.

रानजाई:
काका, लेप्टोबद्दल विचारलेलं नाही.
@अष्टपाद कापड पांढरं आहे. सकाळी सातला सुरू करते, ऊन चढायच्या आत आटपतं. नुसती मोजणी की तपासणी हे नंतर ठरवणार, आधी गोचिडी तर मिळू देत.

अष्टपाद:
महिना?

दोडामार्गचो_बागायतदार:
ताई, तू खंयच्या बागेत गेललंस? आमच्याकडे पौष-माघात बोंडू जमवूक गेल्यार पातेऱ्यात पाय घातल्याबरोबर बारीक गोचडे चढतत. इतके बारीक की डोळ्याक दिसनत नाय, रात्री खाज सुटली की कळता. पावसात ते खंय मेळतले? तेव्हा मोठे गोचडे गुरांच्या अंगार असतत.

रानजाई:
गणपती झाल्यावर सुरू केलं. बाग मामांची आहे, नुकतीच बेणून (झाडाखालचं गवत-झुडपं कापून) झालीय, त्यामुळे कापड ओढायला सोपी जाते. कापड म्हणजे आईची जुनी पांढरी साडी, नायलॉनची. पण शोधनिबंधात महिन्याचं काही खास लिहिलेलं नव्हतं.

अष्टपाद:
आता कळलं. दोडामार्गच्या दादांनी जे लिहिलंय तेच पुस्तकात आहे, फक्त त्यांनी ते पायाने शिकलंय.

या तापाची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिची मोठी मादी पावसाळ्यात गुरं, गवे अशा मोठ्या जनावरांवर रक्त पिते, मग खाली पडून पाचोळ्यात अंडी घालते. पावसानंतर त्यातून सहा पायांच्या अळ्या निघतात. त्या उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी यांच्यावर पोट भरतात. कात टाकली की आठ पायांचं पिल्लू तयार होतं, इंग्रजीत ज्याला निम्फ म्हणतात ते. माकडाला आणि माणसाला चावतं ते मुख्यतः हेच. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, आणि माकडतापाचा हंगामही तोच. काजूची बोंडं गोळा करण्याचे दिवसही तेच, म्हणून तर बागेत काम करणाऱ्यांना हा आजार होतो.

तुम्ही गेलात ती वेळ अळ्यांच्याही आधीची. त्यात बेणलेली बाग, म्हणजे पाचोळा आणि सावली दोन्ही गेलेलं. त्यात नायलॉन. गोचिडीच्या पायाला आकडे असतात, ती केसाळ कापडाला धरते, गुळगुळीत साडीवरून घसरते. पांढरं फ्लॅनेल घ्या. आणि सकाळी सातला दव असतं, कापड ओलं झालं की काही चढत नाही. दव सुकल्यावर जा.

पशुवैद्य_घाटमाथा:
कापड ओढण्यात वेळ कशाला घालवता? गोठ्यात जा. गुरांच्या कानात, कासेजवळ, शेपटीखाली पाहिजे तेवढ्या मिळतील. आणि मूळ उपायही तिथेच आहे. पावसाळ्यात गुरांना आयव्हरमेक्टिन द्या किंवा पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन वापरा, मोठी मादी मेली की अंडीच पडणार नाहीत. हे सोडून सगळे माकडांच्या मागे लागलेत.

अष्टपाद:
गुरांवर मिळतील, पण बहुतेक दुसऱ्याच जातीच्या, आणि त्या मोजून बागेतल्या माणसाला धोका किती हे कळणार नाही. तिचा प्रश्न बागेबद्दल आहे. शिवाय दुभत्या जनावराला आयव्हरमेक्टिन दिलं तर दुधाचं काय? आणि जंगलातल्या गव्याला कोण देणार?

पशुवैद्य_घाटमाथा:
दुभत्या जनावरांना द्या असं मी म्हटलेलंच नाही. भाकड आणि मोकाट चरणाऱ्या गुरांबद्दल बोलतोय. या रोगावर काम केलेल्या जॉर्ज बॉशेलने १९६९ सालीच लिहिलं होतं की जंगल तोडून तिथे गुरं चरायला सोडली तेव्हापासून ही गोचीड वाढली. गुरं स्वतः या विषाणूने आजारी पडत नाहीत, पण गोचिडीला पोसतात. हा मुद्दा अभ्यासात यायलाच हवा.

अष्टपाद:
तो मुद्दा मान्य. मग गुरांची संख्या आणि चराईची जागा हे प्रश्नावलीत घ्या. कर्नाटकात अलीकडे जे काम झालंय त्यातही गर्द रानापेक्षा रानाच्या कडा, बागायती आणि देशी गुरांची दाटी यांकडे बोट दाखवलेलं आहे. गोठ्यात अंथरायला रानातून वाळका पाचोळा आणतात त्याचंही विचारा, तो गोचिडीसकट घरी येतो.

सातासमुद्रापार:
मी कनेक्टिकटला असतो. इकडे ओल्ड लाइम गावावरून नाव पडलेला लाइम रोग आहे, तोही गोचिडीतूनच. चावल्या जागी लाल वर्तुळ उठतं. इथे लोक फिरून आले की रोज अंग तपासतात. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही. लवकर डॉक्सिसायक्लिन घेतलं की बरं होतं. तिकडेही तेच द्यावं.

अष्टपाद:
लाइम हा जिवाणूचा आजार आहे, म्हणून तिथे प्रतिजैविक चालतं. माकडताप विषाणूचा. त्यावर खास औषध नाही, पाणी-क्षार सांभाळणं, रक्तस्रावावर लक्ष ठेवणं एवढंच हाती असतं. चिमट्याचं मात्र बरोबर आहे.

दोडामार्गचो_बागायतदार:
आमी घासलेट लावतो, लगेच सुटता.

सातासमुद्रापार:
घासलेट, काडीची धग, नेलपॉलिश यातलं काही नको. चिडवली की ती जखमेत जास्त लाळ सोडू शकते.

नारळीपोफळी:
सगळ्याचं मूळ माकडं. आमच्याकडे वानरांनी एक नारळ ठेवला नाही, केळी नाही, फणस नाही. वनखात्याने पकडून दूर सोडावीत. रोग पण जाईल आणि बाग पण वाचेल.

पशुवैद्य_घाटमाथा:
माकडं या विषाणूने आपल्यापेक्षा जास्त मरतात. वानर आणि लाल तोंडाचं माकड दोन्ही. ती मरायला लागली म्हणूनच १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात, हा रोग लक्षात आला. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं धावली ती पीतज्वर तर भारतात आला नाही ना या भीतीने. पीतज्वरातही माकडं मरतात. विषाणू हाती आला तेव्हा तो रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला निघाला. मेलेलं माकड हा आपल्याला मिळणारा पहिला इशारा आहे. माकडंच हलवलीत तर रोग नव्या जागी जाईल आणि इशारा देणारं कुणी उरणार नाही.

नारळीपोफळी:
इशारा ठीक आहे, नुकसानभरपाई कोण देणार? पंचनाम्याला फेऱ्या मारून चपला झिजल्या.

सत्तरीची_सून:
विषयाला सोडून असेल तर माफ करा. गोव्यात आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ ला पाली गावात हा ताप आला, पुढच्या वर्षी दोडामार्गात निघाला. तेव्हा आमच्याकडे लस देत होते, एका महिन्याच्या अंतराने दोन आणि नंतर पुन्हा बूस्टर. आता विचारलं तर नाही म्हणतात. कुठे मिळेल? सासरे काजूत जातात.

अष्टपाद:
जुनी लस आता मिळत नाही. तिचा प्रभाव घटत गेल्याचं दिसलं आणि २०२२ पासून कर्नाटकातही देणं थांबलं. नव्या लशीवर आयसीएमआर काम करते आहे. तोवर सासऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट मोज्यांत खोचलेली, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे लगेच उकळत्या पाण्यात, एवढं नक्की पाळावं. डेपा आपल्याच डीआरडीओने काढलेलं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. बागेतून आल्यावर तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी-ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणं, लाल डोळे असं झालं तर "काजूत जातात" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

निवृत्त_आरोग्यसेवक:
हे शेवटचं वाक्य मला पटलं. लेप्टो, डेंग्यू, स्क्रब टायफस, माकडताप, पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसतात, प्लेटलेटही बऱ्याचदा खाली येतात. डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही. पण ताप उतरला म्हणून माकडतापाचा पेशंट सोडू नका. शंभरातल्या दहा-वीस जणांना आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, तेव्हा मान धरते, हात थरथरतात, बरळतात. मृत्यू साधारण शंभरात तीन ते पाच. तपासणी पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर, उशीर झाला असेल तर आयजीएम (प्रतिपिंडांची) तपासणी. मुलीने प्रबंधात हे घ्यावं, की पेशंट कितव्या दिवशी आला, कुठे कुठे फिरला आणि नमुना कधी गेला.

रानजाई:
काका, हे फार उपयोगाचं आहे. आजोळी हेच झालं होतं, एकदा ताप उतरला म्हणून घरी आणलं होतं.

पण माझं डिसेंबरचं काय? आत्ता ऑक्टोबर संपत आला. फ्लॅनेल घेते, दव सुकल्यावर जाते. जागा कुठली?

अष्टपाद:
माझ्या पहिल्या पोस्टमधला शेवटचा प्रश्न तुम्ही अजून सोडवलेला नाही. मोजणी की विषाणू? विषाणू तपासायचा असेल तर थांबा. हा विषाणू बीएसएल-३, म्हणजे कडक जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेत हाताळायचा असतो. गोचिडी चिरडून तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काही करायला जाल तर स्वतः आजारी पडाल. त्यासाठी पुण्याच्या एनआयव्हीसारख्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या) संस्थेशी मार्गदर्शकांमार्फत आधी करार हवा. राखीव जंगलात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी, माणसांच्या मुलाखतींना एथिक्स कमिटीची वेगळी. घेतलीय का?

रानजाई:
एथिक्सचा अर्ज केलाय. वनखात्याची लागेल असं वाटलं नव्हतं, खासगी बागेत जातेय म्हणून.

अष्टपाद:
खासगी बागेला बहुधा लागणार नाही, पण बागेची कड रानाला लागते तिथे पाऊल टाकलंत की लागेल. लेखी विचारून ठेवा.

माझं म्हणणं असं. विषय तोच ठेवा, विषाणू सोडा. डिसेंबरपर्यंत मुलाखती करा: कोण काजूत जातं, कधीपासून, पायात काय घालतं, तेल लावतं का, पाचोळा घरी आणतं का, गुरं कुठे चरतात. मोजणी डिसेंबरात सुरू करून मार्चपर्यंत न्या आणि मार्गदर्शकांकडे मुदतवाढ मागा. ऋतूचं कारण देता येतं, ते खरंच आहे. बेणलेली बाग आणि न बेणलेली बाग शेजारी शेजारी घ्या. बाग साफ ठेवल्याने गोचीड खरंच कमी होते का, हे बागायतदाराला उद्या सांगता येईल असं काहीतरी त्यातून निघेल.

पशुवैद्य_घाटमाथा:
आणि ज्या बागेत गुरं येतात, ज्या बागेत येत नाहीत, असाही फरक घ्या. मी आग्रह सोडत नाही.

दोडामार्गचो_बागायतदार:
ताई, आमची वरची बाग मी औंदा बेणूक नाय, माणसा मेळाक नाय. खालची बेणलेली असा. पौषात ये. पण एकटी येव नको, आणि येवच्या आधी तेल लाव. माकड मेलेला दिसला तर हात लावू नको, माका फोन कर, मी वनखात्याक कळवतंय.

रानजाई:
दादा, येते. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. @पशुवैद्य, गुरांचा फरक घेतला तर चार प्रकारच्या बागा होतात. प्रत्येक प्रकारात किती बागा पुरतील? आणि गोळा केलेल्या गोचिडी नुसत्या ओळखण्यासाठी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या तर चालेल ना?

अष्टपाद:
अल्कोहोल चालेल, बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई विरघळते. बागांची संख्या तुमच्या सांख्यिकीच्या शिक्षकांना विचारा, पण त्यांच्याकडे जाताना महिना सांगायला विसरू नका.

नारळीपोफळी:
माझी बाग पण घ्या, गुरं येतात. वानरंही येतात.