नरकासुराचा चेहरा थर्माकोलशिवाय करायचाय, पण कागदाचा लगदा वाळतच नाही

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याजवळ राहते. आमच्या वाडीतली मुलं दिवाळीला नरकासुराचा मोठा पुतळा करून पहाटे जाळतात आणि त्याचा चेहरा करायचं काम माझ्याकडे असतं. धडाचं काही अवघड नाही. माणग्याच्या (बांबूच्या) काठ्यांचा सांगाडा, आत पेंढा, वरून जुने कपडे. चेहऱ्याला आजवर थर्माकोल वापरत आलो. पण पहाटे तो पेटला की निघणारा काळा धूर सगळ्या पोरांच्या नाकातोंडात जातो. म्हणून यंदा थर्माकोल आणायचाच नाही असं सांगून टाकलंय.

लगद्याचा एक छोटा मुखवटा करून बघितला. पावसाच्या सरी अजून चालूच आहेत. मुखवटा वरून कोरडा लागतो, आतून ओलाच, आणि कानशिलाजवळ हिरवी बुरशी आलीय. मैद्याच्या खळीवर झुरळंही येतात. मला चांगला तीन फुटांचा चेहरा हवाय, पेटत्या डोळ्यांचा. आणि तो खरंच भीतिदायक दिसला पाहिजे. बाजारातल्या रबरी मुखवट्यांना आता कोणी घाबरत नाही. कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

चिवारीचं बेट
ताई, एवढ्या मोठ्या चेहऱ्याला लगदा नको. त्याचा थर जाड बसतो आणि आपल्या हवेत जाड थर आतून कुजतो. पट्ट्या लावा. मी सावंतवाडीकडचा, आणि वर्षभर असलीच सोंगं करत असतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पाटावर चिकणमातीचा चेहरा घडवा. नाक, गालफडं, भुवया हव्यात त्याहून जास्त उठावदार ठेवा, कारण वर कागद चढला की सगळं बोथट होतं. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्राचा, खळ अजिबात नाही, म्हणजे नंतर माती सुटते. पुढचे थर खळीचे. कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड शेजारच्या पट्टीत मुरून जाते, कापलेली कड रंगाखालूनही दिसते. दोन-तीन थर झाले की थांबायचं, ते पुरते वाळले की मगच पुढचे. वाळलं की नाही ते आपल्या गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे.

ऊन नसेल तर चुलीवरच्या माळ्यावर ठेवा, धुराने बुरशीही धरत नाही. चूल नसेल तर पंखा पुरे. हेअर ड्रायर मात्र नको, वरची साल कडक होऊन ओल आत अडकते.

मी खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतो, पोफळीवर कोळेरोगासाठी फवारतात तेच. पुस्तकं बांधणारेही घालतात. गरम पाण्यात विरघळवायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. पण ते विष आहे, आणि मी चेहरा जाळत नाही, दहनाआधी उतरवून घेतो. तुमच्याकडे मुलांचे हात खळीत असणार आणि चेहराही पेटणार, तेव्हा तुम्ही मोरचूद घालू नका. लवंगेच्या तेलाचे काही थेंब टाका आणि खळ रोज ताजी शिजवा.

आता भीतीबद्दल. ती रंगाने येत नाही, कातडीने येते. पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद, चिवट आवरणं, गोळा करा. रात्रभर पाण्यात ठेवल्या की मऊ होतात, मग कान, जीभ, गळ्याखालची लोंबती कातडी, हवं ते वळवा आणि दोऱ्याने बांधून वाळवा. वाळल्यावर त्यावरच्या उभ्या शिरा अशा दिसतात की रंग लावावासाच वाटत नाही. केसांना नारळाच्या सोडणाचा काथ्या, काजळीत घोळवलेला. चेहरा पूर्ण मॅट ठेवा आणि फक्त डोळ्यांच्या कडा, हिरड्या, ओठ यांवर वार्निशचा हात द्या. बॅटरीचा झोत फिरला की तेवढंच ओलं चमकतं. दोन्ही बाजू सारख्या करू नका. एक डोळा जरा खाली, तोंड एकीकडे ओढलेलं.

डोळ्यांसाठी करवंट्या. नारळाचे तीन डोळे असलेला अर्धा भाग घ्या, मऊ असतो तो डोळा टोकरून आरपार करा आणि मागे छोटा लाल एलईडी लावा. भोक बारीक असू दे. मोठ्या भोकातून नुसता दिवा दिसतो, बारीक भोकातून नजर दिसते.

माडाखालचो
वरच्यान सगळा बरोबर सांगल्यान. एक रवला. नरकासूर उंच, बघणारो खाली. चेहरो सरळ बसवलास तर लोकांक हनुवटीच दिसता. मान पुढे वाकव आणि डोळे खाली बघणारे कर. प्रत्येकाक वाटाक व्हया, माझ्याकडेच बघता. आणि एक दिवो पायाकडसून वर सोड. खालसून उजेड इलो की माणसाचा तोंड पण ओळखाक येणा नाय.

खाडीकाठची
दोघांचेही मनापासून आभार. विऱ्यांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्या तर परसात पडूनच असतात! आजच भिजत घालते. अजून एक विचारते. मुलांना देवळामागच्या पडवीत एक भुतांची खोलीही करायचीय. हडळ, मुंजा, खवीस ठरलेत. एकजण म्हणतोय देवचारही करू. करावा का?

चिवारीचं बेट
देवचार नको. तो आपला राखणदार, त्याला नारळ देतो आपण. ग्रामदेव वेतोबाचंही तसंच. आरवलीला लोक त्याला केवढ्या मोठ्या चपला वाहतात, ते भक्तीने. पोरांना हा फरक आत्ताच समजावून सांगा.

सावलीवाली
खोलीसाठी पुतळे करूच नका, सावल्या करा. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलाकारांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघितला असेल. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलांसाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. मुलांना आधी तो खेळ दाखवून आणा. मग एक पांढरं धोतर ताणून बांधा आणि पुठ्ठ्याची हडळ कापा, उलट्या पावलांची. मागे एकच उघडा एलईडी ठेवा. ट्यूबलाइट चालणार नाही, सावली पसरट पडते. हडळ पडद्याला टेकलेली असली की सावली लहान आणि रेखीव. तिला हळूहळू दिव्याकडे न्या, ती छतापर्यंत वाढत जाते आणि कडा विरघळतात. कुठलाही आवाज लावू नका. पुठ्ठा धरणाऱ्या मुलाने हात अगदी सावकाश मागे न्यायचा, याचीच खूप तालीम करून घ्या. पडवीत पणती ठेवू नका, पडदा आणि पेंढा जवळजवळ असतो.

माडाखालचो
आणि नरकासूर पेटवच्या आधी वायरी, सेल, एलईडी सगळा काढून घे गो. सेल आगीत फुटता. फटाके पोटात भरतले असशात तर पोरांका लांब उभी कर, आणि पाण्याच्यो दोन कळश्यो भरून ठेव.