ब्ल्यू कार्ड की चान्सेनकार्टे?

पुण्यातली नोकरी सोडून चान्सेनकार्टेवर जर्मनीला जावे की ब्ल्यू कार्डासाठी (म्हणजे नोकरी मिळालेल्या पदवीधरांना दिल्या जाणाऱ्या वास्तव्याच्या परवान्यासाठी) थांबावे, असे आपण विचारले आहे. आपली पत्नी सोबत येणार असल्याने मी थांबण्याच्या बाजूने आहे. १ जून २०२४ पासून सुरू झालेले चान्सेनकार्टे हे मुळात नोकरी शोधण्यासाठीचे, सुरुवातीला जास्तीत जास्त एक वर्षाचे परवानापत्र आहे. त्यावर आठवड्याला २० तासच काम करता येते आणि कुटुंबाला बोलावणे जवळजवळ अशक्य असते. ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, तिथे पोचल्यावर कोणतीही नोकरी करता येते, आणि स्वतः कार्डधारकाला २७ महिन्यांनी, बी-१ (मध्यम) पातळीचे जर्मन येत असल्यास २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो.

पदवीची खातरजमा ‘अनाबिन’ या, परदेशी विद्यापीठे व पदव्यांना जर्मनीत मान्यता आहे का हे दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आजच करून ठेवावी. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ ही मान्यतेची खूण दिसली की आपली मंडळी निर्धास्त होतात (मीही झालो होतो), पण पदवीची नोंद तिथेच वेगळी शोधावी लागते आणि दोन्ही पानांची छापील प्रत अर्जासोबत जोडावी लागते. ब्ल्यू कार्डासाठीची पगाराची किमान मर्यादा दरवर्षी बदलते, म्हणून नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी चालू वर्षाचा आकडा पाहावा.