मदत हवी आहे : आई स्वतःच्याच मुलांचा जीव घेते तेव्हा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात वीस मिनिटं बोलायचंय. विषय मीच निवडला, आणि आता घाम फुटलाय.

सुरुवात अँड्रिया येट्सपासून करणार आहे. ह्यूस्टन, जून २००१. या बाईने पाच मुलांना टबात बुडवलं आणि स्वतःच पोलिसांना फोन केला. ‘मी वाईट आई आहे, ही मुलं नरकात जातील, त्यापेक्षा आत्ताच सुटू देत’ अशी तिची पक्की समजूत होती. २००२ मध्ये जन्मठेप, २००६ च्या फेरखटल्यात वेडसरपणामुळे निर्दोष. १९९९ मध्येच मानसोपचारतज्ज्ञांनी आणखी मूल नको म्हणून बजावलं होतं, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ फिलिप रेझ्निक यांनी १९६९ मध्ये अशा हत्यांमागची पाच कारणं मांडली: मुलाच्या ‘भल्यासाठी’, तीव्र मनोविकार, नकोसं मूल, मारहाणीत अनवधानाने, नवऱ्यावरचा सूड. पहिलं कारण श्रोत्यांना समजावणं सगळ्यात कठीण वाटतं. तिथे राग नसतो, माया असते. हे ऐकून बायका उठून जातील का?

कुणी मानसोपचार विभागात किंवा प्रसूतिगृहात काम करत असाल तर सांगा: बाळंतपणानंतरचं साधं रडू, नैराश्य आणि सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) यांतला फरक घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगता? तुमच्या आजीकडे याला काय म्हणत? (आमच्याकडे सरळ ‘बाहेरचं’.)

वकील मंडळी, ब्रिटनमधल्या १९३८ च्या बालहत्या कायद्यासारखी (बाळंतपणामुळे मन बिघडलेल्या आईने तान्ह्या बाळाला मारलं तर तो खुनापेक्षा सौम्य गुन्हा) वेगळी तरतूद आपल्याकडे नाही. मग भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली (मनोविकारामुळे आपण काय करतोय हे न कळणाऱ्याचं कृत्य गुन्हा नाही) अशी आई प्रत्यक्षात सुटते का?