मदत हवी आहे : कमी बजेटमध्ये रेकॉर्डर आणि माइक कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, आजीच्या आठवणी तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्यात. मोबाइलवर दोन-तीनदा करून बघितलं पण पंख्याची घरघर आजीपेक्षा मोठी येते, आणि ती बोलता बोलता रंगात आली की टेबलावर थाप मारते, तेव्हा तर आवाज पार फाटतो.

बजेट तुटपुंजं आहे, त्यामुळे एकदाच काय ते नीट घ्यायचंय. झूम एच१एन बघितला, छोटासा आहे, २४-बिट/९६ किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे बऱ्यापैकी उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग) जातो, पण त्याला एक्सएलआर इनपुट (मोठ्या माइकची तीन पिनांची केबल लावायची जागा) नाही, म्हणजे बाहेरचा माइक लावायचा तर ३.५ मिमीवाला, कॉलर माइकसारखाच लावावा लागणार. टास्कॅम डीआर-४०एक्सला दोन एक्सएलआर आहेत, ४८ व्होल्टची फँटम पॉवरपण (काही माइकना केबलमधूनच लागणारी वीज) आहे, पण मग माइक आणि केबलचा खर्च वेगळा, आणि फँटम चालू ठेवली की बॅटरी भराभर उतरते म्हणे.

मित्राकडे शुअर एसएम५८ (स्टेजवर हातात धरतात तसला माइक) पडून आहे, तो वापरू का? तोंडाजवळ धरला की खोलीतला गोंगाट कमी पकडेल हे खरं, पण आजी तर समोर माइक दिसला की एकदम भाषण दिल्यासारखंच बोलायला लागते :) शिवाय त्याला गेन (आवाज वाढवणं) भरपूर लागतो, स्वस्त रेकॉर्डरचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) तेवढा वाढवला की मागे सू-सू ऐकू येईल का?

३२-बिट फ्लोटवाले रेकॉर्डर पण आलेत आता, आवाजाची लेव्हल आधी नीट लावत बसायची कटकट नाही म्हणतात, थापेचा प्रश्न त्याने खरंच सुटतो का? कुणी वापरलाय का? आणि पैसे आधी माइकवर घालू की रेकॉर्डरवर?