डाएट पेयांमुळे गोडाची ओढ वाढते का?

प्रश्न: आईंना मधुमेह असल्याने घरात साखरेऐवजी सुक्रालोजच्या गोळ्या आणि डाएट कोला आला. मीही तेच घेते, तरी जेवणानंतर गोड खावेसे वाटतेच. यांचा काही संबंध असेल का?

उत्तर १: सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते, मात्र त्याने ओढ वाढतेच, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. साखरयुक्त पेयांऐवजी डाएट पेये घेणाऱ्यांचे वजन काही चाचण्यांत थोडे घटलेही आहे.

उत्तर २: जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी सुक्रालोजसारखी साखरेऐवजी वापरायची गोड द्रव्ये वापरू नयेत असे सुचवले, परंतु ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही; म्हणून ताई, आईंच्या सुक्रालोजच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया बंद करू नका. तुम्ही स्वतः चहातली गोडी हळूहळू उतरवून पाहा.

उत्तर ३: कोलातील कॅफिनचीही सवय लागते, तेही लक्षात घ्यावे.