त्याच स्टेप्स, तीच गाणी : नृत्य-व्यायामाच्या वर्गातील पुनरावृत्तीचे अनुभव

झुंबा, डान्स एरोबिक्स किंवा तत्सम समूहवर्गांना नियमित जाणाऱ्यांच्या एक गोष्ट लवकरच लक्षात येते : बहुतेक गाण्यांवरच्या रचना कित्येक आठवडे बदलत नाहीत. काहींना त्याचमुळे वर्गाची गोडी लागते, तर काहींचे मन नेमके तिथेच उडते. ही पुनरावृत्ती तुम्हाला काय देते, कुठे खुपते आणि रचना कधी बदलावी असे वाटते, हे सहभागी म्हणून सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

माझे मत पुनरावृत्तीच्या बाजूचे आहे. नवे गाणे सुरू झाले की माझे सगळे लक्ष प्रशिक्षकांच्या पायांकडे असते. उजवा पाय पुढे की मागे हे उमगेपर्यंत आठ मात्रा संपतात, हात अर्धेच उचलले जातात आणि घामही बेताचाच येतो. तीच रचना अंगवळणी पडली की पावले आपोआप पडू लागतात आणि मोकळे झालेले लक्ष श्वासाकडे, पाठीच्या ताठपणाकडे, उडीनंतर पाऊल अलगद टेकवण्याकडे देता येते. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले होते : आधी विचार करत, मग चुका कमी करत आणि शेवटी जवळजवळ नकळत. नाचण्याचा खरा आनंद मला या तिसऱ्या टप्प्यावर मिळतो, त्यामुळे एखादे गाणे नीट बसते न बसते तोच ते काढून टाकले की मनापासून वाईट वाटते.

*

माझा अनुभव निराळा आहे. रचना पाठ झाली की मला पूर्वीइतका दम लागत नाही, कारण तेच काम कमी श्रमात करायला शरीर शिकते. नाचताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम तीव्रतेच्या व्यायामाची साधी कसोटी मी लावतो. ज्या गाण्याबरोबर मला सुरात गाता येऊ लागते, ते माझ्यापुरते सोपे झाले असे समजतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे असा व्यायाम सुचवते, आणि त्यासाठीच वर्गाला येत असल्यामुळे मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. आमच्या प्रशिक्षकांनी पावले तीच ठेवून बैठक खोल केली आणि हात खांद्यांच्या वर नेले, तेव्हा जुन्याच गाण्यावर पुन्हा दम लागला. गाणे बदलण्याआधी हा उपाय करून पाहावा.

*

साठी ओलांडलेल्यांच्या वतीने एक मुद्दा. प्रत्येक गाणे उजव्या पायानेच सुरू होत असेल आणि एका पायावर वळण्याची तीच स्टेप दर वर्गात येत असेल, तर भार वारंवार त्याच गुडघ्यावर पडतो. पकड घट्ट असलेल्या बुटांत पाऊल जागीच अडकते आणि पीळ गुडघ्याला बसतो. मी हे प्रशिक्षिकेला सांगितल्यापासून ती काही गाणी डावीकडून सुरू करते आणि वळणाच्या जागी चालत फिरण्याची मुभा देते. पाठ असलेल्या स्टेप्सचा मलाही आधार वाटतो. तोल जाण्याची भीती त्यामुळे कमी होते.

*

वरची तिन्ही मते मला पटतात, तरी क्रमाविषयी कोणीच लिहिलेले नाही. आमच्याकडे गाणी तीच असतात, मात्र ती कोणत्या क्रमाने येतील हे ठाऊक नसते. शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हातांच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात, क्रम मिसळून केलेला सराव त्या वेळी अवघड गेला, पण शिकलेले अधिक टिकले. नृत्यालाही ते तसेच्या तसे लागू होते असा माझा दावा नाही. परंतु दीर्घ खंडानंतर परतलो तेव्हा पहिल्या कडव्यातच पाय जुळले होते. समूहवर्गांना तयार रचना पुरवणाऱ्या लेस मिल्स या कंपनीच्या वर्गांसाठी दर तीन महिन्यांनी नवी रचना येते आणि प्रशिक्षक तिच्यात जुनी गाणी मिसळू शकतात. हे प्रमाण मला योग्य वाटते. फक्त कोणते गाणे जाणार आहे ते आधीच्या वर्गात सांगावे, म्हणजे नव्याने आलेल्यांनाही ते एकदा पूर्ण नाचून घेता येईल.