स्टीव्ह जॉब्स गेला तो दसरा : तुम्ही कुठे होतात?

झेंडूवाली
घट बसायच्या आधी कपाट उपसलं तर जुन्या पर्सच्या चोरकप्प्यात आयपॉड निघाला, ॲपलचा, गाणी ऐकायचा. आतेभावाने अमेरिकेतून आणलेला, त्याचा वापरून झालेला. खालच्या चार्जिंगच्या लांबट खाचेत लाल काहीतरी दिसत होतं. पिनेने खरवडलं तर कुंकू! आणि मग तो अख्खा दिवस आठवला.

२०११. मी पुण्यात कॉल सेंटरला होते. अमेरिकन गिऱ्हाइकांचे राउटर, रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच. ती खंडेनवमीची रात्र. टीम लीडने शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्या कीबोर्डना हळदीकुंकू लावलं होतं, माझ्या एंटरवर झेंडूची पाकळी. पहाटे पाचच्या सुमारास ओहायोच्या एका आजींचा कॉल आला, वायफाय दिसत नाही म्हणून. त्यांना म्हटलं, मागचं बारीक बटण दहा सेकंद दाबून धरा. मी मोजतेय. सात की आठला त्या म्हणाल्या, थांब गं, टीव्हीवर काहीतरी दाखवतायत. मग बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाल्या, ॲपलवाला स्टीव्ह जॉब्स गेला. त्यांचे यजमान गेल्यावर नातवाने आयपॅड आणून दिला होता, त्यावर रोज पत्ते खेळायच्या म्हणे. रडल्याबिडल्या नाहीत. बटण मात्र धरूनच होत्या. "आता सोडू का?" म्हणून विचारलं.

अशा वेळी काय बोलायचं त्याची आम्हाला स्क्रिप्ट होती, पण ती गिऱ्हाइकाच्या घरचं कोणी गेलं तर. मी तीच वाचली. एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, पार बोंबलला. पुढच्या आठवड्यात त्या कॉलला एम्पथीचे पूर्ण मार्क मिळाले.

कॅबने येताना रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग. ड्रायव्हरदादा गाडीच्या हारासाठी थांबले. मी म्हटलं, दादा, आज फार मोठा माणूस गेला. "आपल्या कंपनीचा का?" नाही म्हटलं. "मग सुट्टी नाय."

घरी आईने पाटावर विळी, शिवणाचं मशीन आणि माझा आयपॉड मांडलेला. तिला सांगितलं, हे ज्याने केलं तो आज गेला. ती काही बोलली नाही, आणखी एक चिमूट कुंकू वाहिलं. तेच हे कुंकू.

आयफोन ४ तेव्हा भारतात साडेचौतीस हजारांना होता आणि माझा पगार चौदा हजार. म्हणजे देणंघेणं काही नाही. तरी दिवसभर घास उतरत नव्हता. असं तुमचं कोणाचं झालं का? जॉब्सच पाहिजे असं नाही. लिहा.

कोराचहा
पहिली! दूध उतू जातंय, येऊन लिहिते.

पेठकर
गेला काय, गेले म्हणा. माणूस वारल्यावर तरी.

झेंडूवाली
@पेठकर, आईपण तेच म्हणाली होती. पण आजींच्या तोंडून ऐकलं ते डोक्यात "गेला"च बसलंय, काय करू.

सनीवेलकर
आम्ही तिथेच होतो, कॅलिफोर्नियात. इकडे बुधवारची दुपार, साडेचार वाजले असतील. ऑफिसात शेजारच्या क्यूबिकलमधला उभा राहिला आणि नुसतं "ॲपलची साइट उघडा" म्हणाला. पानावर तो करडा फोटो, बाजूला नाव आणि १९५५–२०११. बाकी काही नाही. आदल्याच दिवशी ॲपलने नवा आयफोन ४एस दाखवला होता आणि आम्ही सगळे नावं ठेवत होतो, ५ का नाही, हा तर ४च आहे. दुसऱ्या दिवशी तेच लोक सांगत होते, ४एस म्हणजे "फॉर स्टीव्ह". जिभेला हाड नसतं ते असं.

संध्याकाळी क्युपर्टिनोला इन्फिनिट लूपला, म्हणजे ॲपलच्या तेव्हाच्या मुख्यालयाला गेलो. झेंडे अर्ध्यावर. मेणबत्त्या, फुलं, चिठ्ठ्या. काही जण आयपॅडवरच मेणबत्ती लावून धरून होते. बायकोचे नवरात्राचे उपास, निघताना तिने देवापुढच्या टोपलीतलं एक सफरचंद हातात दिलं. तिथे बघतो तर लोक चावा घेऊन ठेवतायत, त्यांच्या चिन्हासारखं. माझ्याच्याने उष्टं ठेववेना. अख्खंच ठेवलं. शेजारचा एक मुलगा म्हणाला, तुझा लोगो चुकलाय.

तिखटमीठ
उष्टं ठेववेना 😂😂 आई गं. शबरीला सांगा कोणीतरी.

सनीवेलकर
@तिखटमीठ, बायकोपण हेच म्हणाली, फक्त जोरात.

डीटीपीकाका
मुंबईत जाहिरातवाल्यांच्या स्टुडिओत होतो तेव्हा. आमच्याकडे सगळी मॅकच, म्हणजे ॲपलचे कॉम्प्युटर. मी ९३ साली लागलो तेव्हापासून. एका बटणाचा माउस. आधी लेटरिंग ब्रशने करायचो, चुकलं की पांढरा पोस्टर कलर लावून पुन्हा. पहिल्यांदा पडद्यावर अक्षर मोठं केलं आणि कडा फाटल्या नाहीत, तेव्हा मी जेवायला गेलो नव्हतो.
तर दसऱ्याला सुट्टी, पण पूजेला तासभर सगळे येतात, पेढा खातात आणि जातात. मी आधीच पोचून सगळ्या मॅकवर ॲपलची साइट उघडून ठेवली, तो फोटो दिसावा म्हणून. मग शिपाईमामा आले आणि नेहमीसारखे प्रत्येक मॉनिटरला झेंडूचे हार घालून गेले. अकरा मॉनिटर, अकरा फोटो, अकरा हार. साहेब दारातच थबकले. म्हणाले, ही पूजा आहे का तेरावा? अकाउंटच्या बाई म्हणाल्या, झेंडू चालत नाही फोटोला, चंदनाचा पाहिजे. त्यावर दहा मिनिटं वाद. शेवटी आरती झाली. फोटो तसाच. पेढे खाताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

कोराचहा
आले. डीटीपीकाका, अकरा फोटो अकरा हार 🙈 हसू की रडू.
माझं काही खास नाही. मुलगा चार महिन्यांचा होता, मला वार कळत नव्हता, जॉब्स कुठून कळणार. मला महिन्याभराने कळलं.

घाटावरचा
मला नाही वाटलं बुवा काही. वाईट वाटून घेऊ नका, पण २०१० साली चीनमध्ये शेन्झेनला, आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात पोरापोरींनी इमारतींवरून उड्या मारल्या, मग खाली जाळ्या बांधल्या. त्यांच्यासाठी कोणी सफरचंद ठेवलं नाही. माणूस हुशार होता, विकायची कला होती. त्यात रडण्यासारखं काय?

सनीवेलकर
बरोबर आहे तुमचं. तिथे उभा असताना हे डोक्यात नव्हतं, हेही खरं.

सी_मास्तर
घाटावरच्या भावा, मी दुसऱ्या कारणाने चिडलो होतो. मी पॉलिटेक्निकला शिकवतो. जॉब्सनंतर आठवड्याभरात, १२ ऑक्टोबरला डेनिस रिची गेले. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांची. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम केन थॉम्प्सन आणि त्यांची. न्यू जर्सीत घरी एकटेच होते, गेल्याचं नंतर कळलं. बातमी फुटली ती रॉब पाइक या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या चार ओळींनी. जॉब्सवर दिवसभर चॅनेल चालले, रिचींवर खालची पट्टीसुद्धा नाही. आणि गंमत अशी की मॅक आणि आयफोन दोन्हीच्या पोटात युनिक्सचीच वंशावळ.
वर्गात गेलो, फळ्यावर नाव आणि १९४१–२०११ लिहिलं. दोन मिनिटं उभे राहा म्हटलं. उभे राहिले बिचारे. बसल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न : "सर, हे पेपरला येईल का?"
मी "येईल" म्हणालो. आणि टर्म टेस्टला दोन मार्कांना टाकलंच. एकाने रिचीला क्रिकेटपटू केलं.

वऱ्हाडी_ठेचा
आमी तं सी नागपूरच्या सरांच्या जाड पुस्तकातूनच शिकलो बाप्पा. मले इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत वाटे का सी त्यायनंच काढली 😄

तिखटमीठ
@वऱ्हाडी_ठेचा, शंभरातल्या नव्वदांना तेच वाटायचं.

रात्रराणी
त्याच आठवड्यात जगजीतसिंग पण गेले ना? १० तारखेला, लीलावतीत. मला तर तोच आठवडा तसा आठवतो. जॉब्सचं काही नाही वाटलं, पण त्या सोमवारी नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघं एक अक्षर न बोलता बसून राहिलो. आमच्या लग्नाआधीच्या सगळ्या कॅसेट त्यांच्याच.

डीटीपीकाका
@रात्रराणी, आणि ऑगस्टमध्ये शम्मी कपूर. तुम्ही म्हणाल इथे काय संबंध. तर तो माणूस आपल्याकडे इंटरनेट आलं तेव्हाच्या अगदी पहिल्या वापरणाऱ्यांपैकी. संघटनाबिघटना काढली होती इंटरनेटवाल्यांची. आणि मॅकचा पक्का भक्त.

रात्रराणी
हे माहीतच नव्हतं!! याहू वाला खरा तोच म्हणायचा 😀

निनावी_आजपुरती
रोजच्या आयडीने लिहीत नाही, घरचे वाचतात.
बाबांना २०१६ मध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, जॉब्सला झाला होता तसा. तेव्हा जॉब्स आमच्या घरात रोज यायचा. एक काका म्हणायचे, एवढा पैसा असून वाचला नाही, मग कशाला किमो. दुसरे गव्हांकुराचा रस घेऊन यायचे. कोणीतरी जॉब्सचं मरणशय्येवरचं पत्र पाठवलं, पैसा व्यर्थ, नाती खरी वगैरे. बाबांना ते वाचून दाखवलं सुद्धा. ते पत्र खोटं आहे. त्याने असं काही लिहिलेलं नाही. त्याची बहीण मोना सिम्प्सन, लेखिका, तिने सांगितलंय की घरच्यांकडे बघून मग त्यांच्या पलीकडे बघत तो तीनदा "ओह वॉव" म्हणाला, बस.
आणि रसवाल्या काकांना मी शेवटी सांगितलं, जॉब्सच्या कॅन्सरचा प्रकार वेगळा होता, हळू वाढणारा. २००३ ला कळलं, आणि नऊ महिने तो पथ्य आणि रसच करत बसला, मग ऑपरेशन. २००९ ला यकृत बदललं. बाबांकडे नऊ महिने नव्हतेच. काका त्यानंतर रस आणायचे बंद झाले. यायचेच बंद झाले.

कोराचहा
🫂

झेंडूवाली
निनावी, लिहिलंत ते बरं केलंत. ते पत्र मलापण आलं होतं आणि मी पुढे पाठवलं होतं. कोणाकोणाला पाठवलं ते आता आठवतही नाही.

पेठकर
ते पत्र आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर आहे. उद्या काढतो.

अध्यात्मिक_अभियंता
जॉब्स भारतात आला होता हे कोणी लिहिलं नाही? १९७४, नीम करोली बाबांना भेटायला, त्यांच्या कैंचीच्या आश्रमात. त्यांच्या दर्शनानेच

सी_मास्तर
बाबा आधीच्या वर्षीच गेले होते हो, सप्टेंबर ७३ ला. दर्शन कुठलं.

अध्यात्मिक_अभियंता
सूक्ष्म रूपाने झालं असेल.

तिखटमीठ
झालं, आता धागा दोनशे पार जाणार.

कुलाबा_लोकल
मला २०२४ मध्ये कळलं हे काय असतं. रतन टाटा. ९ ऑक्टोबर, परत नवरात्रच! आमच्या सोसायटीत गरबा चालू होता, कोणाच्या तरी फोनवर आलं आणि गाणं बंद केलं. पोरी टिपऱ्या हातात घेऊन गोलातच उभ्या. दुसऱ्या दिवशी एनसीपीए नाट्यगृहाच्या लॉनवर दर्शनाला ठेवलं होतं, मी ऑफिसला दांडी मारून रांगेत. पुढे एक टॅक्सीवाले काका, त्यांनी आयुष्यभर फियाट चालवली, म्हणजे टाटांचं काही वापरलेलंच नाही. म्हटलं मग का आलात? "मिठासाठी" म्हणाले.

म्हापसाकार
आणि त्या दिवशी त्यांचा कुत्रा आणलेला बघा. गोवा नाव. तो आमचा हां! गोव्यातनंच नेलेला.

कुलाबा_लोकल
हो हो, तो दिसल्यावर रांगेतले सगळे पाघळले.

मुख्याध्यापिकाबाई
कलाम सर गेले तेव्हा, २७ जुलै २०१५, शिलाँगला भाषण देता देता. दुसऱ्या दिवशी सगळीकडे फॉरवर्ड की मी गेल्यावर सुट्टी देऊ नका, एक दिवस जास्त काम करा असं ते म्हणाले होते. म्हटले होते की नाही देव जाणे, पण आमच्या संस्थाचालकांनी रविवारी शाळा भरवली. पहिलीतली एक मुलगी मला म्हणाली, बाई, परत कोणी जाणारे का? तिला रविवारची खिचडी आवडली होती.

घाटावरचा
बाई, हे भारी आहे. बरं, कलामांना मीपण रडलो होतो. म्हणजे मघाशी मी उगाच आव आणला.

सनीवेलकर
@घाटावरचा 🙏

वऱ्हाडी_ठेचा
बरं ताई, तो आयपॉड चालू होते का नाई ते सांगा ना. सगळे रडून राहिले, मुद्द्याचं कोणी विचारत नाई.

झेंडूवाली
वायरच नाही हो. ती जुनी रुंद, तीस पिनांची. दोन दुकानांत विचारलं, एक पोरगा म्हणाला, काकू, हे काय आहे? काकू!!

डीटीपीकाका
आधी कुंकू नीट काढा. ओल्या फडक्याने नको, आत जाईल. जुना मऊ टूथब्रश कोरडाच फिरवा, मग थोडं स्पिरिट. वायर माझ्याकडे तीन आहेत. कोथरूडला असतो आता. दसऱ्याला सोनं द्यायला याल तर घेऊन जा.

झेंडूवाली
येते. झेंडू आणू का, की चंदनाचा हार? 😛

डीटीपीकाका
आमच्या अकाउंटच्या बाईंना विचारून सांगतो.